चांगल्या चादरीला लाल चिंधी

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला लाँड्री होती, आणि त्या लाँड्रीतलं काम कधी संपलंय असं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. वर वॉर्डात माणसं बरी होत, घरी जात, त्यांच्या जागी दुसरी येत. चादरी मात्र त्याच. सकाळी मळक्या उतरायच्या, दुपारी पांढऱ्याशुभ्र होऊन ट्रॉलीतून वर जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. काही काही चादरी तर कडकबाईंच्या इतक्या ओळखीच्या होत्या की हातात आल्या आल्या त्या मनात म्हणत, आलीस का ग बाई परत.

कडकबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. हातची घडी कडक आणि जीभ तिच्याहून कडक, म्हणून इस्त्रीचा रोलर चालवणाऱ्यानं ते ठेवलेलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा तो बिचारा आठवडाभर त्यांच्यासमोरून मान खाली घालून जात होता. पण बाईंना राग आला नव्हता. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं होतं.

त्यांच्यासमोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, उभ्या असत त्या विहीणबाई. त्या कडकबाईंच्या विहीण, म्हणजे त्यांच्या सुनेची आई. पण सगळी लाँड्री त्यांना विहीणबाई म्हणायची, मुकादमसुद्धा. रोलरमधून चादर गरम गरम बाहेर यायची, दोघींनी दोन दोन टोकं पकडायची, एक झटका द्यायचा, मग एकीनं जागेवर उभं राहायचं आणि दुसरीनं आपली टोकं घेऊन तिच्यापर्यंत चालत जायचं. टोकं तिच्या हातात द्यायची, खालची दुमड उचलायची, मागे सरायचं, पुन्हा चालत जायचं. झाली घडी. तोवर पुढची चादर आलेलीच. रोलर कुणासाठी थांबत नसे, आणि त्याचा आवाज असा की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे.

पूर्वी दोघी आलटून पालटून चालत. मग इथेच, ह्याच टेबलावर, एकीचा मुलगा आणि दुसरीची मुलगी ह्यांचं जमवलं गेलं, आणि कसं कोण जाणे, लग्नानंतर चालायचं काम विहीणबाईंकडे गेलं ते गेलंच. मुलाच्या आईनं जागचं हलायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. कडकबाई नुसत्या हलेनाशा झाल्या.

पुढे कडकबाईंच्या मुलानं संसार अर्ध्यावर टाकला आणि दुसऱ्या गावी निघून गेला. चूक त्याचीच होती. हे कडकबाईंना सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? एक दिवस विहीणबाईंनी टेबलावरच विचारलं, तुम्ही आई म्हणून त्याचे कान का धरले नाहीत. शब्दानं शब्द वाढला. शेवटी कडकबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आजपासून कामाशिवाय माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

विहीणबाईंनी तो शब्द पाळला. असा पाळला की कडकबाईंनाच पुढे त्याचा धाक वाटू लागला. मुकादमानं दोघींच्या जोड्या बदलून पाहिल्या; पण दोघी एका उंचीच्या, हाताचा वेग सारखा, दुसऱ्या कुणाबरोबर घडी वाकडी व्हायची. त्यानं नाद सोडला. दोन वर्षं झाली, दिवसभर एकीची बोटं दुसरीच्या बोटांना लागत होती, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

मधल्या मध्ये होती ती नात. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ठरणं तिला माहीतच नव्हतं. ती आईजवळ आणि विहीणबाईंजवळ राहायची. कडकबाईंना ती भेटायची फक्त शनिवारी. शाळा लवकर सुटायची, ती थेट लाँड्रीत यायची, मधल्या सुट्टीत रोलर बंद व्हायचा आणि खिडकीपाशी बाकावर बसून ती कडकबाईंच्या डब्यातलं खायची. विहीणबाई नेमक्या तेव्हा उठून बाहेर नळापाशी जात. कडकबाईंना वाटे, माझं तोंड बघायला नको म्हणून जाते. असेना का. ती अर्ध्या तासाची सुट्टी म्हणजे त्यांचा आठवडा होता. सोमवारी चादर हातात घेतली की त्यांच्या मनात शनिवार सुरू व्हायचा. ह्या शनिवारांना कुणी परवानगी दिलेली नव्हती आणि कुणी अडवलंही नव्हतं. त्यामुळे ते कधीही बंद पडू शकतात, ही धास्ती त्यांना कायमची होती.

अशाच एका शनिवारी भिंगरी शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन आली. ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टी. त्यातल्या देवांनी माणसांना दिलेल्या शिक्षा वाचून पोरगी नुसती हरखली होती. एक होता सिसिफस. त्यानं डोंगरावर धोंड ढकलत न्यायची, आणि ती माथ्यावर पोचता पोचता घरंगळून खाली यायची. पुन्हा ढकल. किती दिवस, तर कायम. एक माणूस गवताचा दोर वळत बसलाय आणि मागे गाढव तो दोर खात चाललंय. हा वळतोय, ते खातंय.

रोलरवाला पलीकडे भाकरतुकडा खात बसला होता, तो म्हणाला की ही तर आमचीच कथा, वरचे वॉर्ड म्हणजे ते गाढव. त्यावर कडकबाईंनी त्याला ऐकवलं की गाढवाला कशाला नावं ठेवतोस, त्या बिचाऱ्यालाही जन्मभर गवताचा दोरच खावा लागतोय, त्याची चव बदलली का कधी? भिंगरी खो खो हसली. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. खूप साऱ्या बहिणी होत्या. त्यांनी लग्नाच्या रात्री आपापल्या नवऱ्यांना मारून टाकलं. म्हणून त्यांना शिक्षा अशी की तळाला भोकं असलेला रांजण पाण्यानं भरायचा. त्या पाणी आणतात, ओततात, ते गळून जातं, पुन्हा आणतात.

"सगळ्या बहिणी एकाच रांजणावर?" कडकबाईंनी विचारलं.

"हो, एकाच."

"मग त्या बोलतात का ग एकमेकींशी?"

भिंगरीनं पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, चित्राखालची ओळही वाचली. "ते काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मुख्य गोष्टच लिहिलेली नाही मग," कडकबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. असल्या कामात बोलायला कुणी असलं तर ते काम, आणि नसलं तर ती शिक्षा, एवढं साधं त्या पुस्तकवाल्याला कळू नये ह्याचा त्यांना मनापासून राग आला. राग त्या माणसाचा नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तो विचार त्यांनी पुढे जाऊ दिला नाही.

निघता निघता भिंगरी सहज बोलून गेली की आईनं तिला एका शाळेचा फोटो दाखवला, त्या शाळेत पोहायचा तलाव आहे. पोरीला दुसऱ्या गावी नेणार की काय, असं कडकबाईंच्या मनात आलं. गावात तलाव असलेली शाळा नव्हती. पण लेकराच्या तोंडून घरातलं काढून घेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं, आणि विहिणीला विचारायचं म्हणजे आपणच घातलेली अट आपणच मोडायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. जीव टांगणीला लागलेला, आणि तोंड शिवलेलं. रविवार त्यांनी घरात भांडी आदळत काढला.

आता इथे त्या लाँड्रीतली एक रीत सांगायला हवी. टेबलाच्या कडेला खिळ्यावर लाल चिंध्या टांगलेल्या असत. चादरीला भोक दिसलं की तिच्या टोकाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की रोलरवाला रोलर बंद करायचा, आणि घडी घालणाऱ्या दोघींनी ती चादर खिडकीपाशी नेऊन उजेडात ताणून बघायची, कारण भोक एकटं कधी येत नाही. मग चादर शिवणखोलीत. पण नव्या चादरी आल्यापासून फाटकी अशी निघालीच नव्हती, चिंध्यांवर धूळ बसली होती.

सोमवारी विहीणबाई आपली टोकं घेऊन चालत आल्या आणि कडकबाईंच्या हातात ठेवली, तर एका टोकाला लाल चिंधी.

कडकबाईंनी चादर तिथेच टेबलावर पसरून वरखाली पाहिली. भोक नाही. कडा तपासल्या, शिवण तपासली. काही नाही. तेवढ्यात मागून दुसरी चादर यायला लागली होती. रोलरवाल्याचं लक्ष जायच्या आत त्यांनी चिंधी ओढून काढली, खिशात कोंबली आणि घडी पुरी केली. विहीणबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग मागे सरल्या.

मंगळवारी पुन्हा तेच. आता मात्र कडकबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. गेल्याच महिन्यात मुकादमानं त्यांना विचारलं होतं, बाई, चष्मा बदलायला झालाय का. त्यांनी त्याला असं झाडलं होतं की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. पण विहीणबाईंनी ते ऐकलं होतं. म्हणजे हा प्रकार असा होता तर: चांगल्या चादरीला चिंधी बांधायची, म्हातारी उजेडात नेऊन भोक शोधत बसते का ते बघायचं, आणि चारचौघांत दाखवून द्यायचं की हिला दिसत नाही. त्यांना इतका संताप आला की चादरीला झटका देताना विहिणीच्या हातातून टोक निसटायचं बाकी राहिलं.

बुधवारी तिसऱ्यांदा चिंधी आली. ह्या वेळी कडकबाईंनी चादरीकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिणीच्या डोळ्यांत डोळे घालून चिंधी सोडली आणि जमिनीवर टाकली. विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्या वाकल्या, चिंधी उचलून खिळ्यावर परत टांगली, आणि आपल्या जागी जाऊन पुढच्या चादरीची टोकं धरली. कडकबाईंना जिंकल्यासारखं वाटलं. गुरुवारी, शुक्रवारी चिंधी आली नाही. बघा, जिरली की नाही.

शनिवारी भिंगरी आली ती रिकाम्या हातानं. कडकबाईंनी तिच्यासाठी डब्यात गोड काहीतरी जास्तीचं आणलं होतं. पुस्तक कुठंय विचारलं, आज कुणाची शिक्षा.

"दिलं परत," भिंगरी म्हणाली. "शाळाच सोडली ना. उद्या सकाळी आम्ही जाणार, मी आणि आई. आईला तिकडे नोकरी लागली."

कडकबाईंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. रोलर तर बंद होता.

"उद्या?"

"उद्या. मी हा आठवडा तुझ्याकडे राहणार होते. माईनं आईशी भांडून भांडून ठरवलेलं." माई म्हणजे विहीणबाई. "पण माई म्हणाली, आजीला खिडकीपाशी बोलावलं, एकदा नाही तीनदा, आजी आलीच नाही. तुला मी नको होते का ग?"

कडकबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. सोमवार, मंगळवार, बुधवार. कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, म्हणून त्या बाईनं बोलण्याचंच काम करून आणलं होतं. रोलर थांबला असता, दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या असत्या, मध्ये चादर ताणलेली, आणि त्या आवाजावाचूनच्या दोन मिनिटांत तिनं सांगितलं असतं की पोरीला आठवडाभर घेऊन जा. पूर्ण आठवडा. आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, सकाळी तिचे केस विंचरून. आणि आपण काय केलं, तर भोक शोधलं.

त्यांनी भिंगरीला जवळ ओढलं. "तू नको होतीस असं कधी झालंय का," एवढंच त्यांना म्हणता आलं. त्या रडल्या. लाँड्रीत कडकबाईंना रडताना पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून रोलरवाला उठून उगीचच वॉशिंग मशीनची दारं उघडून बघत बसला.

सुट्टी संपली. विहीणबाई नळावरून परत आल्या, हात पुसले, टेबलाच्या आपल्या टोकाला उभ्या राहिल्या. रोलर सुरू झाला. भिंगरी बाकावर पाय हलवत बसली होती. पहिली चादर आली. दोघींनी टोकं धरली, झटका दिला, आणि विहीणबाई नेहमीप्रमाणे चालायला लागणार तोच कडकबाईंनी हात वर केला. थांबा.

त्या खिळ्यापाशी गेल्या, चिंधी काढली आणि आपल्या टोकाला बांधली. चिंधी दोनदा सुटली. मग आपली दोन्ही टोकं उचलून त्या टेबलाच्या कडेनं चालत निघाल्या. रोलरवाल्यानं चिंधी पाहिली आणि रोलर बंद केला. बंद केला तो केला, पण बघतच राहिला, कारण कडकबाई चालताहेत हे त्यानं कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्या विहीणबाईंपर्यंत गेल्या आणि टोकं त्यांच्या हातात दिली.

दोघी खिडकीपाशी गेल्या. चादर ताणली, उजेडात धरली. विहीणबाईंनी सवयीनं वरपासून खालपर्यंत पाहिली.

"भोक कुठंय?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही कामाचा.

"भोक नाही," कडकबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही माझ्या डोळ्यांची परीक्षा बघताय. मी आंधळीच आहे, पण तशी नव्हे."

विहीणबाईंनी चादर जराशी खाली घेतली. त्यांनी सांगितलं, रागानं नाही, थकल्यासारखं, की पोरीनं घरी येऊन ते रांजणाचं सांगितलं होतं. आजीनं विचारलं म्हणे, त्या बायका एकमेकींशी बोलतात का. "मला वाटलं, आता ही बाई बोलायला तयार झाली. म्हणून चिंधी बांधली. तीनदा बांधली. मग म्हटलं, नको असेल तिला."

"आणि तुम्ही? तुम्ही पण जाताय त्यांच्याबरोबर?"

"मी कुठे जाते," विहीणबाई म्हणाल्या. "मी इथेच. तुमच्यासमोर."

कडकबाईंना एकदम समजलं की उद्यापासून शनिवार नाही, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार मात्र तसेच राहणार. समोर ही बाई, मध्ये चादर, आणि मुकी तोंडं. देवांनी काय शिक्षा दिली असती ह्याच्यापुढे? देवांना बोलवायचीसुद्धा गरज पडली नव्हती. त्यांनी स्वतःच दिली होती.

"माझ्या मुलाचं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

विहीणबाईंनी चादरीच्या टोकाची चिंधी सोडली, बाकावरच्या नातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजची रात्र तुमच्याकडे न्या तिला. मी पोरीच्या आईला सांगते. सकाळी आम्ही दोघी येऊ घ्यायला. आठवडा गेला तो गेला."

त्या रात्री भिंगरी कडकबाईंच्या अंथरुणात आडवी तिडवी पसरून झोपली आणि कडकबाई भिंतीला चिकटून पडल्या. सकाळी दोघींनी चादर झटकली. पोरीचे हात पुरेनात, चादर मध्ये लोळत होती, तरी ती ऐटीत टोकं घेऊन चालत आली आणि आजीच्या हातात देऊन म्हणाली, घडी वाकडी झाली तर चालेल ना. कडकबाई म्हणाल्या, चालेल. जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या. दारात विहीणबाई आणि सून आल्या तेव्हा सासूसुनेनं एकमेकींना, तब्येत बरी आहे ना, एवढं विचारलं. बस निघाली. ती वाकडी घडी कडकबाईंनी उलगडली नाही, तशीच कपाटात ठेवली.

हे होऊन आता बरेच दिवस झाले. चादरी उतरताहेत, वर जाताहेत. पण दर शनिवारी, मधली सुट्टी संपून रोलर सुरू झाला की थोड्या वेळानं एक धडधाकट चादर फाटकी ठरते. कारण भिंगरीची नवी शाळा नेमकी तेव्हा सुटते. कधी विहीणबाई चिंधी बांधतात, कधी कडकबाई. ज्या दिवशी जिची पाळी असेल ती टोकं घेऊन चालत जाते. चालण्याची पाळी त्यांनी परत लावून घेतलीय आणि त्यावरून आठवड्यातून एकदा तरी कडाक्याचं वाजतं. मुकादम सगळं जाणून आहे. तो नेमका त्याच वेळी चहाला जातो.

खिडकीपाशी चादर बाकावर टाकून दोघी विहीणबाईंच्या फोनला कान लावतात, एकीचा डावा, दुसरीचा उजवा. परवाच्या शनिवारी भिंगरीनं सांगितलं की नव्या शाळेच्या ग्रंथालयात त्याच गोष्टींचं दुसरं पुस्तक सापडलं, आधीच्यापेक्षा जाडजूड. रांजणाची गोष्ट तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. "पण आजी, त्या बहिणी बोलतात का नाही, ते ह्याच्यातही लिहिलेलं नाहीये."

"बोलतात," कडकबाई म्हणाल्या.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. तू आपली लक्षात ठेव, बोलतात."

"आणि भांडतात," विहीणबाई दुसऱ्या बाजूनं म्हणाल्या.

पलीकडे भिंगरी हसत होती, तेवढ्यात मुकादम चहा पिऊन परत येताना दिसला आणि रोलरवाल्यानं रोलर सुरू केला. पुढचं काही दोघींना ऐकू आलं नाही. चादर उचलून त्या टेबलाकडे निघाल्या, आणि चालायची पाळी कुणाची ह्यावर बोलत राहिल्या.